नाशिकच्या काकांकडून करून घेतलेला फ्रीलान्स लेखनाचा बिझनेस प्लॅन : चार बैठका, सहा हजार रुपये

पाचपैकी चार स्टार देतेय. एक का कापला ते पुढे येईलच, पण पैसे वसूल झाले हे आधीच सांगून टाकते.

ज्या काकांकडे गेले त्यांचं नाव आणि नंबर इथे टाकणार नाही. ते बँकेतून रिटायर झालेत, ३१ वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी कर्ज विभागात, आणि आता घरच्या टेबलावर बसून छोट्या धंदेवाल्यांना प्लॅन करून देतात. महिन्याला चार-पाच जणच घेतात आणि ऑनलाइन नाव नको असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय. तरी लिहितेय कारण फ्रीलान्स लिहिणाऱ्यांना बिझनेस प्लॅन करून देतो म्हणणारे आता खूप झालेत आणि पैसे मोजल्यावर आपल्या पदरात नक्की काय पडायला पाहिजे हेच आपल्याला माहीत नसतं. मला काय मिळालं ते आकड्यांसकट लिहिते, तुमच्या गावात असा कोणी जाणता माणूस भेटला तर त्याच्याकडे काय मागायचं ते तुम्हाला कळेल.

माझं थोडक्यात. अकरा वर्षं जाहिरात एजन्सीत कॉपी लिहिली, २०१९ ला नोकरी सोडली आणि तेव्हापासून घरूनच काम. मुख्य काम इंग्रजी-मराठी अनुवादाचं, त्यात ठिबकवाल्यांची माहितीपत्रकं, द्राक्षाच्या फवारणीचे तक्ते, पंपांची मॅन्युअलं, शिवाय दुकानांच्या आणि हॉस्पिटलांच्या वेबसाइटचा मजकूर, अधूनमधून ऑडिओ स्क्रिप्ट आणि दरवर्षी दोन-तीन दिवाळी अंक. काम कधी कमी पडलं नाही. पैसे मात्र दर दोन-तीन महिन्यांनी कमी पडायचे आणि का पडतात तेच कळायचं नाही, म्हणजे महिनाभर मान मोडून काम केलेलं असायचं, बिलं पाठवलेली असायची आणि तरी मुलीची फी भरायच्या दिवशी नवऱ्याकडे मागायला लागायचे. तो कधी काही बोलला नाही, पण मला ते फार लागायचं.

काकांच्या आधी दोन ठिकाणी पैसे घालवलेत तेही सांगते. एक टेम्प्लेट घेतलं होतं ४९९ ला, फ्रीलान्सरसाठी म्हणून विकत होते आणि उघडून बघितलं तर कच्चा माल, यंत्रसामग्री, उत्पादन क्षमता, कामगारांची संख्या असे रकाने. बँकेला कर्जासाठी देतात तो प्रोजेक्ट रिपोर्ट होता तो, वर फक्त शीर्षक बदललेलं. दुसरं एक रविवारचं वेबिनार, १,९९९ रुपये, त्यात तीन तास फक्त स्वतःवर विश्वास ठेवा, रेट वाढवा, मोठी स्वप्नं बघा. रेट वाढवा हे मलाही कळतं हो, पण किती वाढवायचा, कुणाला सांगायचा आणि तो नाही म्हणाला तर त्या महिन्याचं काय, याचं उत्तर तिथे कुणाकडेच नव्हतं.

काकांकडे गेले ते एप्रिल २०२५ मध्ये, एका शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीने पाठवलं म्हणून. फोनवर ते एवढंच म्हणाले की येताना १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट, वर्षभराची सगळी बिलं आणि एक कोरी वही आणा. लॅपटॉप आणू का विचारलं तर म्हणाले नको.

पहिल्या बैठकीत त्यांनी स्वप्न, ध्येय, पाच वर्षांनी कुठे असाल असलं काहीच विचारलं नाही. वहीच्या पानावर रूळाने चार रकाने आखले, बिलाची तारीख, रक्कम, पैसे आले ती तारीख आणि मधले दिवस. आणि मला भरायला लावले. बैठकीतला सव्वा तास मी नुसती तारखा शोधत होते, कारण कुठलं बिल कधी जमा झालं हे मी कधी लिहूनच ठेवलेलं नव्हतं, पैसे आले की हुश्श करायचं आणि पुढच्या कामाला लागायचं अशी सवय. शेवटी बेरीज झाली. २०२४-२५ मध्ये मी बिलं केली होती ७,४२,००० रुपयांची. ३१ मार्चपर्यंत त्यातले आले होते ५,६१,०००, तेही टीडीएस (गिऱ्हाईक आधीच कापून भरतं तो कर) धरून, म्हणजे माझ्या खात्यात प्रत्यक्ष ५,२०,००० आणि ४१,००० सरकारकडे. उरलेले १,८१,००० बाहेर, लोकांकडे.

काकांनी तो आकडा दोनदा अधोरेखित केला आणि म्हणाले, "अगं, तुझा धंदा तोट्यात नाहीये, उधारीत आहे."

हे एक वाक्य ऐकायला मी सहा हजारच काय, जास्तही दिले असते. कारण सहा वर्षं मी समजत होते की मी कमी कमावते, माझं लिखाण तेवढ्या किमतीचं नाही, अजून रात्री जागून अजून शब्द केले पाहिजेत. आणि खरी गोष्ट अशी होती की मी माझ्या खर्चाने कंपन्यांना बिनव्याजी पैसे वापरायला देत होते. त्यांनी हिशोब करून दाखवला, १,८१,००० भागिले ७,४२,००० गुणिले ३६५, उत्तर ८९ दिवस. म्हणजे काम देऊन झाल्यावर सरासरी तीन महिन्यांनी पैसा हातात. कर्ज देताना बँक हेच बघते म्हणे, येणी किती दिवसांची आहेत. आणि तीन महिने उशिराने पैसा येणार असेल तर तीन महिन्यांचा खर्च धंद्यात आधीच पडलेला पाहिजे, त्याला खेळतं भांडवल म्हणतात, किराणावाल्याकडे ते मालाच्या रूपात दिसतं, आपल्या धंद्यात दिसत नाही म्हणून लिहिणारे ते ठेवतच नाहीत आणि मग घरातून ओढतात. फीच्या दिवसाचं कोडं मला तिथे उलगडलं.

घरी जाताना होमवर्क दिलं. तीन आठवडे रोज, झोपायच्या आधी, दिवसभराचे तास लिहायचे. नुसतं 'काम' असं लिहायचं नाही. अनुवाद किती, दुरुस्त्या किती, फोन किती, मेल किती, कोटेशन किती, पैसे मागणं किती. मला वाटलं होतं मी रोज सहा तास लिहिते. तीन आठवड्यांनी वही बघितली तर ज्याचं बिल होतं ते काम शंभरातले ५५ तास, बाकी ४५ मध्ये मेल, फोन, फुकटातल्या दुरुस्त्या, सॅम्पल, आणि 'पेमेंटचं बघता का' असले मेसेज. फक्त पैसे मागण्यात आठवड्याचे जवळजवळ दोन तास जात होते.

दुसरी बैठक मला सगळ्यात जास्त आवडली. काकांनी ती उलटीकडून चालू केली, कमाईचं राहू दे, तुला लागतात किती ते सांग. माझ्या वाटणीचा घरखर्च महिन्याला ३२,०००, म्हणजे वर्षाला ३,८४,०००. धंद्याचा खर्च, इंटरनेट, सॉफ्टवेअर, विजेतला वाटा, प्रवास, शब्दकोश, सगळं धरून ६,५०० महिना, वर्षाला ७८,०००. मेडिक्लेम २४,०००. म्हातारपणासाठी ६०,०००, हा रकाना मी टाकलाच नव्हता, नोकरीत पीएफ आपोआप कापला जायचा त्यामुळे ते डोक्यातच येत नाही, काकांनी टाकला. पुढच्या लॅपटॉपसाठी दरवर्षी १८,००० बाजूला. आणि व्यवसाय कराचे २,५००, जो महाराष्ट्रात स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यालाही भरावा लागतो आणि माझ्या ओळखीच्या निम्म्या लिहिणाऱ्यांना ते माहीतच नाहीये. सगळं मिळून ५,६६,५००, आम्ही ५,७०,००० धरले.

मग तास. ५२ आठवड्यांतून सहा काढले, गणपती, दिवाळी, आजारपण, कुणाचं लग्न, मुलीच्या परीक्षा. राहिले ४६. रोज सहा तास, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे १,३८० तास, आणि त्यातले विकता येण्यासारखे ५५ टक्के, म्हणजे साधारण ७५०. ५,७०,००० भागिले ७५० केलं की ७६० रुपये तास येतो. हा माझा तळाचा भाव. याच्या खाली मी जे काही घेते ते घरातून पैसे घालून घेते असं काका म्हणाले. मागच्या वर्षी ७,४२,०००ची बिलं झाली होती ती रविवार आणि रात्री घालून, हेही त्या वहीतच दिसत होतं, तेवढं काम दरवर्षी शरीराला झेपणार नाही.

या ७६० ला धरून मग एकेक काम तपासलं आणि इथे माझे डोळे उघडले. तपासणी धरून माझा अनुवाद तासाला ३०० शब्द होतो, दर दीड रुपया शब्द, म्हणजे ४५० रुपये तास. ज्या कामाला मी माझा कणा समजत होते तेच तळाच्या खाली. वेबसाइटचं एक पान ४,००० ला, चार तास लागतात, म्हणजे १,००० रुपये तास. मशीनने केलेला अनुवाद दुरुस्त करून द्या म्हणून एक एजन्सी ७० पैसे शब्दाने देते, त्याचे तासाला ५०० शब्द होतात, ३५० रुपये. हे शेवटचं काम मी 'निदान पटकन होतं' म्हणून घेत होते. तुमच्यापैकी ज्यांना सध्या एजन्सीकडून हेच सांगितलं जातंय की आता मशीन करतं, तुम्ही फक्त नजर टाका, त्यांनी एकदा घड्याळ लावून मोजून बघा, फवारणीच्या तक्त्यात मशीनने मिली आणि ग्रॅमची अदलाबदल केलेली असते आणि ती नजर टाकून सापडत नाही, ओळ न ओळ मूळाशी ताडून बघावी लागते, शेतकऱ्याच्या पिकाचा प्रश्न असतो. ते काम मी आता फक्त तासाच्या भावाने घेते.

तिसऱ्या बैठकीत आमचं वाजलं.

गिऱ्हाईकांची यादी होती. एकट्या एका कंपनीकडून माझं ५८ टक्के काम येत होतं. काका म्हणाले तिथला मॅनेजर उद्या बदलला तर तू काय करशील, बँकेत असतो तर या एका कारणावरून तुझी फाइल मी परत पाठवली असती. प्लॅनमध्ये त्यांनी मर्यादा घातली, कुठलंही एक गिऱ्हाईक एक तृतीयांशाच्या वर नको, दीड वर्षात तिथे यायचं. हे पटलं.

मग दिवाळी अंक निघाले. एका लेखाला मानधन ३,०००, लिहायला २५ तास, १२० रुपये तास. काकांनी सरळ काट मारली. मी म्हटलं काका हे काढायचं नाही. ते म्हणाले हौस वेगळ्या वहीत लिही, धंद्याच्या वहीत नको. मी त्यांना समजावायचा खूप प्रयत्न केला की ही हौस नाहीये, आपल्याकडे १९०९ पासून दिवाळी अंक निघतायत, मराठीत लिहिणारा माणूस वाचकाला पहिल्यांदा भेटतो तो बहुतेक तिथेच, ऊसतोड बायांवरचा माझा एक लेख वाचून कोल्हापूरच्या एका संस्थेने अहवाल लिहायला बोलावलं होतं, ते काम ६०,०००चं झालं, आणि ते सोडा, मी अनुवादाचं यंत्र होऊ नये म्हणून मला वर्षातून तीन लेख स्वतःचे लागतात, नाहीतर मी लिहायचंच विसरेन. बराच वेळ ते गप्प बसले. मग त्यांनी काट मारलेल्या ओळीच्या खाली नवी ओळ लिहिली, 'नाव राखणे, वर्षाला ७५ तास, जून ते ऑगस्ट', आणि म्हणाले हे तास खर्चात धर, ७५० मधून वजा कर, भाव वाढेल पण निदान खरा असेल. ५,७०,००० भागिले ६७५, तळाचा भाव ८४५ झाला. मला हे फार आवडलं. त्यांनी माझं ऐकलं, पण किंमत माझ्याच हाताने लिहायला लावली.

यातून कॅश फ्लोचा पण एक मोठा धडा मिळाला. दिवाळी अंकाचं काम जून ते ऑगस्टमध्ये आणि मानधन येणार अंक विकला गेल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे गणपती आणि दिवाळी, ज्या दोन महिन्यांत घरात सगळ्यात जास्त खर्च, तेव्हा माझी तिजोरी दरवर्षी रिकामी. शेतीच्या कंपन्यांचं काम मात्र पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये दाटून येतं. काकांनी बारा महिन्यांचा तक्ता केला, वरच्या ओळीत काम कधी, खालच्या ओळीत पैसा कधी, आणि दोन्ही ओळी शेजारी बघितल्यावर मला माझ्या सहा वर्षांतल्या प्रत्येक सप्टेंबर-ऑक्टोबरचं भांडण आठवलं.

चौथ्या बैठकीला प्लॅन हातात पडला. सहा पानं, त्यांच्या अक्षरात, मग मी टाइप केला. त्यात काय आहे सांगते. तळाचा भाव आणि कुठल्या कामाला काय दर. बारा महिन्यांचा तक्ता. गिऱ्हाईकांची टक्केवारी. खेळत्या भांडवलासाठी वेगळं खातं, उद्दिष्ट १,१५,०००, म्हणजे तीन महिन्यांचा खर्च. उधारीचे नियम, नव्या गिऱ्हाईकाकडून ४० टक्के इसार, दोनदा दुरुस्ती दरात, तिसरीला पैसे, आणि एक बिल ४५ दिवसांवर गेलं की त्याच गिऱ्हाईकाचं नवीन काम उचलायचं नाही. शेवटी एक पान, दर तिमाहीला काय तपासायचं.

४५ दिवस कुठून आले तेही त्यांनीच सांगितलं, आणि ही माहिती प्रत्येक फ्रीलान्सरला हवी म्हणून सविस्तर लिहिते. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, सेवा देणाऱ्यालाही मिळतं, लिहिणाऱ्यालासुद्धा, आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर होतं आणि फुकट आहे. पैसे मागणाऱ्या सारख्या दिसणाऱ्या साइट बऱ्याच आहेत त्या टाळा. एकदा सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद झाली की २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे काम घेणाऱ्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि अगदीच वेळ आली तर सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. त्याहून उपयोगी म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यातलं ४३बी(एच) हे कलम, जे २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून, म्हणजे २०२३-२४ च्या हिशोबापासून लागू झालं, त्यानुसार या मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करून मिळत नाही. म्हणजे मार्चमध्ये त्यांच्याच अकाउंट्सवाल्यांना घाई होते. मी बिलावर उद्यम नंबर छापायला लागले आणि खाली एक साधी ओळ, 'सूक्ष्म उद्योग, देय ४५ दिवसांत'. भांडावं लागलं नाही. एका कंपनीच्या अकाउंट्समधून फोन आला की मॅडम सर्टिफिकेटची कॉपी पाठवा, आणि तिथली दोन जुनी बिलं पंधरा दिवसांत निघाली.

आता कापलेला स्टार.

काका टॅक्स करत नाहीत. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं, मला चौथ्या बैठकीत कळलं. त्यासाठी वेगळं सीएकडे जावं लागलं, १,५०० अजून. तिथे मात्र चांगली गोष्ट कळली की १९६१ च्या आयकर कायद्यातलं ४४एडीए म्हणजे निम्मी रक्कम नफा धरायची जी सोय आहे ती ठरावीक व्यवसायांना आहे, त्या यादीत सिनेमाची कथा, पटकथा, संवाद आणि गाणी लिहिणारे येतात, अनुवाद किंवा वेबसाइटचा मजकूर नावाने येत नाही, त्यामुळे सगळे फ्रीलान्सर करतात म्हणून डोळे मिटून करू नका, तुमच्या कामाचं स्वरूप दाखवून विचारा. माझं उत्पन्न खरा खर्च वजा करूनही २०२४-२५ या आर्थिक वर्षाच्या नव्या कर पद्धतीत सात लाखांच्या आत बसलं, त्यामुळे टॅक्स शून्य आणि कापलेले ४१,००० रिफंडमध्ये परत आले. टीडीएस म्हणजे गेलेले पैसे नव्हेत, तेही येणंच आहे, प्लॅनच्या तक्त्यात ते रिफंडच्या महिन्यात लिहा. आणि जीएसटीचं, सेवेला वर्षाला २० लाखांपर्यंत रजिस्ट्रेशनची सक्ती नाही, माझ्यासारख्यांनी त्याची उगाच धास्ती घेऊ नये.

दुसरी उणीव मोठी आहे. काकांच्या प्लॅनमध्ये हक्कांचा विचार नव्हता. त्यांच्या लेखी मी तास विकते आणि विकला की संपला. पण लिहिणाऱ्याचं तसं नसतं. नोकरीत नसताना लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक लिहिणाराच, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. हे मी काकांना समजावून सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून पुढे सरकले, म्हणाले म्हणजे ही तुझी माल शिल्लक आहे की, आधी का नाही बोललीस, आणि सहाव्या पानावर त्या नावाचा रकाना आखला. त्यात मी आता लेख, स्क्रिप्टा आणि स्वतः जमवलेले शेतीच्या शब्दांचे संच लिहिते, कुठला हक्क कुणाकडे, कधीपर्यंत. दोन जुने लेख ऑडिओसाठी पुन्हा विकलेत त्यातून. पण ही गोष्ट माझ्याकडून गेली, त्यांच्याकडून आली नाही, म्हणून ज्यांचं मुख्य काम पुस्तकं किंवा पटकथा आहे त्यांना हा प्लॅन अर्धाच पुरेल. परदेशातल्या गिऱ्हाईकांबद्दलही त्यांना फारसं सांगता आलं नाही. आणि बैठक दीड तासाची म्हणतात ती अडीच तास चालते, मुलं शाळेतून यायच्या वेळेला जाणार असाल तर आधी बोलून घ्या.

नऊ महिने झाले. डिसेंबरअखेर पुन्हा तोच हिशोब केला, ८९ दिवसांचे ५४ झालेत. वेगळ्या खात्यात ७२,००० जमलेत, १,१५,००० अजून लांब आहेत. अनुवादाचा दर नव्यांना अडीच रुपये सांगते, जुन्यांपैकी तिघांनी मानला, दोघे गेले, त्यातला एक जाताना वाईट बोलला आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही, पण तक्ता समोर होता, त्याचं काम ४५० रुपये तासाचं होतं हे त्यात लिहिलेलं होतं. मोठी कंपनी ५८ वरून ४४ टक्क्यांवर आलीये. सप्टेंबरची फी मी भरली.

कुणी जावं, तर ज्यांना कामं मिळतायत पण महिनाअखेर हात रिकामा राहतो त्यांनी. ज्यांना अजून पहिलं गिऱ्हाईकच मिळालेलं नाही त्यांना इथे फार काही मिळणार नाही, काकांना आधी आकडे लागतात. फी चार बैठकींचे ६,०००, दोनदा मिळून द्यायची, आणि वर्षाने एक बैठक फुकट. बिलाची पावती मागितली तर देतात. जाताना बँकेचं स्टेटमेंट छापून न्या, मोबाइलवर दाखवू नका, त्यांना लाल पेनाने खुणा करायच्या असतात. बिलं तारखेप्रमाणे लावून न्या म्हणजे माझा जसा पहिल्या बैठकीतला सव्वा तास गेला तसा तुमचा जाणार नाही. आणि तासांची वही जमली तर आधीच तीन आठवडे लिहून ठेवा, दुसरी बैठक पहिल्यातच होऊन जाईल.